बाबांच्या चवड्याची जखम पाच महिने भरत नाहीये. जंतूंचं नेमकं चाललंय काय?

राजापूरचा_भाचा | ३ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी, धागा थोडा किळसवाणा आहे. जेवताना उघडला असाल तर आधी जेवून घ्या.

वडील ७१ वर्षांचे. गाव राजापूर तालुक्यात, जैतापूर खाडीच्या अलीकडे. मधुमेह अठरा वर्षांचा. आषाढात लावणीला गडी मिळेनात म्हणून दिवसभर वाडीवाडीत फिरून आले. पडवीत पाय धुवायला आईने पाणी ओतलं तर ते तांबडं झालं. चपलेत चिऱ्याचा खडा होता. तो खडा अंगठ्याच्या मुळाशी रुतवून हा माणूस संध्याकाळपर्यंत चालला आणि त्याला पत्ता नाही. "दुखत नाही ना, मग काही नाही" हे त्यांचं म्हणणं. आम्हीही ते ऐकलं, ही आमची चूक.

तेव्हापासून आजपर्यंत तालुक्याच्या एका दवाखान्यात चार वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. शेवटचा तर इंजेक्शनांचा, सात दिवस सकाळ-संध्याकाळ. ऑगस्टमध्ये पू तपासायला दिला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. ऑक्टोबरमध्ये परत दिला तर स्युडोमोनास. मधल्या काळात पट्टीवर हिरवट डाग यायला लागले आणि एक गोडसर वास. आई म्हणते कुजलेल्या द्राक्षांसारखा.

माझा प्रश्न साधा आहे. रिपोर्टमध्ये लिहिलंय की जंतू अमुक औषधाला दाद देतो. तेच औषध दिलं, पूर्ण दिलं. तरी जंतू तिथेच. मग रिपोर्ट खोटा की औषध खोटं?

उंटावरचा_शहाणा | ३ डिसेंबर, रात्री १०.०५

तिसरी शक्यता राहिली. बाबा गोळ्या माडाच्या अळ्यात टाकत असतील. आमच्या आजोबांनी टाकल्या होत्या. माड जोमात होता.

आजीचा_बटवा | ३ डिसेंबर, रात्री १०.३२

अँटिबायोटिक बंद करा आधी, अंगातली सगळी ताकद जाते त्याने. रानमोडीचा पाला चुरून रस पिळा, वर हळद दाबा. कोयत्याचा घाव दोन दिवसांत बसतो, स्वतः पाहिलंय. आणि तुम्ही राजापूरचे, उन्हाळे गावचं गरम पाण्याचं कुंड जवळ आहे. रोज अर्धा तास पाय बुडवून बसवा. नाहीतर समुद्राचं पाणी. खाऱ्या पाण्याने जखम सुकतेच. पट्टी काढून वाऱ्यालाही लावा.

सिस्टर_४२ | ३ डिसेंबर, रात्री ११.१५

बटवाताई, राग मानू नका, पण यातलं एकही करू नका म्हणून सांगायलाच लॉगइन केलं. ज्या पायाला खडा कळला नाही त्या पायाला गरम पाणी कळणार आहे का? कुंडातून बाहेर काढाल तेव्हा कातडी सोललेली असेल. शेगडीने, गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले असे पाय मी वॉर्डात दर थंडीत पाहते.

रानमोडी ताज्या कापलेल्या बोटावर लावतात, आमच्याकडेही लावायचे. पाच महिन्यांच्या उघड्या मांसावर पाला म्हणजे मातीसकट नवे पाहुणे. समुद्राचं पाणीही नको. सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के असतं, समुद्रात साधारण साडेतीन. शिवाय त्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांमध्ये त्यातला एक दीड-दोन दिवसांत पाय काळानिळा करू शकतो.

भाचेसाहेब, मला हे सांगा:
पायाला स्पर्श कळतो का? टोचून नका बघू, दवाखान्यात नायलॉनच्या दोऱ्याने तपासतात, १० ग्रॅमचा दाब देणारा दोरा असतो.
घोट्यापाशी नाडी लागते का?
जखमेत सळई घालून ती हाडाला टेकते का, हे कुणी बघितलं?
आणि मुख्य म्हणजे, ते त्याच पायावर चालतायत का?

ताप आला, थंडी वाजली, लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे सरकली किंवा बोट काळं पडलं तर इथे विचारत बसू नका, गाडी काढा.

राजापूरचा_भाचा | ४ डिसेंबर, सकाळी ७.५०

सिस्टर, तिन्हींपैकी एकही तपासणी झालेली नाही. दोरा नाही, सळई नाही. आणि चालतायत, रोज. देवाला फुलं काढायला, पाणंदीने दुकानापर्यंत, गोठ्यात. पट्टी बांधलेली असते ना, असं म्हणतात.

ताप नाही. लाली फार नाही. फक्त भरत नाही.

पेट्रीडिश | ४ डिसेंबर, दुपारी २.१०

मी मायक्रोबायॉलॉजीवाला, प्रयोगशाळेत हेच काम करतो. रिपोर्ट खोटा नाही, औषधही खोटं नाही. दोघं वेगवेगळ्या जंतूबद्दल बोलतायत.

पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांना शेवाळ धरतं ते आठवा. त्यावर घागरभर पाणी ओतलं तर वाहून जातं का? पाणी वरून जातं, शेवाळ जागेवर. खराट्याने घासावं लागतं, आणि घासलं तरी आठवड्यात परत हिरवं. जुन्या जखमेतले जंतू तसे राहतात. एकेकटे तरंगत नाहीत. पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या साखळ्या, प्रथिनं, डीएनए यांचा बुळबुळीत थर तयार करून त्यात वस्ती करतात. याला बायोफिल्म म्हणतात. दातांवरचं कीटणही तेच. लेव्हेनहूकने १६८३ मध्ये आपल्या दातांवरचं ते भिंगाखाली धरलं आणि हलणारे जीव पाहिले.

आता तुमचा रिपोर्ट. आम्ही काय करतो? तुमच्या पुवातला जंतू काढून ताटलीवर वाढवतो. तिथे तो मोकळा, पोटभर खाणारा, भराभर दुपटीने वाढणारा. त्याच्यावर औषधाची चकती ठेवतो, तो मरतो, आम्ही लिहितो "दाद देतो". खरंच देतो! पण जखमेत तो थरात बसलाय. तिथे औषध पुरेसं पोचत नाही. खोलवरचे जंतू तर अन्न आणि ऑक्सिजन नसल्याने झोपल्यासारखे असतात आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूलाच मारतात, झोपलेल्याला नाही. थरातला जंतू मारायला मोकळ्यापेक्षा शंभर ते हजार पट मात्रा लागू शकते. तेवढी दिली तर जंतूआधी मूत्रपिंडं जातील.

हे नुसतं पुस्तकी नाही. २००८ साली अमेरिकेत मोंटानाच्या संशोधकांनी ५० जुन्या जखमांचे आणि १६ ताज्या जखमांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जुन्यांपैकी ३० मध्ये थर होता, ताज्यांपैकी एकात.

उंटावरचा_शहाणा | ४ डिसेंबर, दुपारी २.४५

हे पटलं. पण जंतू तिथे नुसते बसलेत तर बसू देत. आपल्या कातडीवरही असतातच की. भरायला काय अडवतात?

पेट्रीडिश | ४ डिसेंबर, दुपारी ४.३०

चांगला प्रश्न, आणि खरी गंमत इथेच आहे. जखमेत जंतू असणं हा गुन्हा नाही. निर्जंतुक उघडी जखम मी आजवर पाहिलेली नाही, आणि बहुतेक जखमा जंतूंसकट भरतात.

अडवणूक अशी होते. जखम झाली की आधी रक्त थांबतं, मग पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात, मग नवं मांस, मग कातडी. थर बसलेल्या जखमेत गाडी दुसऱ्या स्टेशनावरच थांबते. पांढऱ्या पेशी थर गिळू शकत नाहीत, पण हटतही नाहीत. त्या आपल्या पोटातली पाचक द्रव्यं तिथेच ओततात. इलास्टेज नावाचं एक, शिवाय कोलॅजन कापणारी विकरं. ताज्या जखमेत ती थोडी हवीच असतात, मेलेलं मांस कापायला. पण महिनोन्‌महिने ओतत राहिली की रोज तयार होणारं नवं मांस तीच खातात. पेशींना "वाढा" म्हणून सांगणारी प्रथिनंही तोडून टाकतात. म्हणजे नासधूस करणारे हात बऱ्याच अंशी आपलेच. जंतू फक्त त्यांना घरी जाऊ देत नाहीत. वर जखमेतून पाझरणारं पाणी हेच जंतूंचं जेवण. जितकी आग, तितकं जेवण.

स्युडोमोनास तर आणखी पुढचा. हे जंतू एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात आणि संख्या पुरेशी झाली की सगळे मिळून विष सोडायला लागतात. गावकीची बैठक भरल्यासारखं. त्यातलं एक द्रव्य जवळ येणाऱ्या पांढऱ्या पेशीच फोडतं. पट्टीवरचा हिरवा-निळा रंगही स्युडोमोनासचाच. त्याच्या पूर्ण नावातलं "एरुजिनोसा" आलंय तांब्याच्या गंजावरून, म्हणजे आपल्याकडे तांब्याच्या भांड्यावर चढतो तो हिरवा कळंक. आणि द्राक्षांचा वास ही आमच्याकडे जुनी खूण आहे. तुमच्या आईने रिपोर्टच्या आधी निदान केलं होतं.

जाता जाता, पू कसा घेतला होता? वरच्यावर पुसून बोळा पाठवला असेल तर त्यात वरचा कचराच येतो. आधी सलाईनने धुवायचं, मेलेला थर काढायचा आणि मग स्वच्छ मांसावर बोळा दाबून फिरवायचा, आतलं पाणी वर येईल इतका. त्याहून बरा मांसाचा छोटा तुकडा. ऑगस्टमध्ये स्टॅफ आणि ऑक्टोबरमध्ये स्युडोमोनास निघाला म्हणजे पहिला गेला आणि दुसरा आला असं नव्हे. दोघं एकत्र नांदतात. स्टॅफ बहुतेक वरच्या थरात, स्युडोमोनास खाली.

आजीचा_बटवा | ४ डिसेंबर, सायंकाळी ६.००

ठीक आहे, कुंडाचं मागे घेते. पण जखम सुकवायची नाही हे कुठलं शास्त्र? आमची अख्खी पिढी वाऱ्यावर सुकवून मोठी झाली.

सिस्टर_४२ | ४ डिसेंबर, रात्री १०.२०

ताई, मीही शाळेत तेच शिकले होते. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या इंग्रज संशोधकाने डुकरांच्या पाठीवर लहान जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. खपलीखाली पेशींना सरकायला वाट शोधावी लागते, ओलसर जागेत त्या सरळ घसरतात. ओलसर म्हणजे चिंब नव्हे हं. कडेची कातडी पांढरी पडून चिखल्यांसारखी झाली तर पट्टी बदलायची वेळ झाली.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही, अंदाजाला आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून २००३ मध्ये शोधनिबंध लिहिले. पान चिकटत नाही, काढताना दुखत नाही, स्वस्त. पण ते पान निर्जंतुक करून घेतलेलं होतं. परसातून तोडून थेट बांधलेलं नव्हतं.

आणि हो, हायड्रोजन पेरॉक्साइड. फेस आला की जंतू मेले असं वाटून लोक रोज ओततात. नवीन मांसाच्या पेशीही त्यात मरतात. उकळून गार केलेलं पाणी त्याहून बरं.

रापण | ५ डिसेंबर, सकाळी ६.१५

विषयाला धरून आहे म्हणून विचारतो. आम्ही हर्णैकडले, मासळीचा धंदा. वहिनीच्या उजव्या हाताच्या बोटाला मासे साफ करताना काटा लागला, एप्रिलमध्ये. आधी एक गाठ आली, मग फुटली, मग मनगटाकडे ओळीने आणखी तीन गाठी. दुखत फार नाही. पू दोनदा तपासला, "जंतू वाढले नाहीत" असा रिपोर्ट. आता सगळे म्हणतात वाताचं आहे.

पेट्रीडिश | ५ डिसेंबर, सकाळी ९.०५

दादा, लवकरात लवकर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तीन शब्द आवर्जून बोला: "मासे", "काटा", "महिने". मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू आहे, क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत पहिल्यांदा सापडला. त्याला ३० अंशांच्या आसपासची ऊब आवडते, म्हणून तो गार राहणाऱ्या हातापायांत धरतो. आणि आम्ही प्रयोगशाळेत नेहमीच्या ताटल्या ३७ अंशांवर दोन दिवस ठेवून फेकतो! तो दिसणार कसा? कमी तापमानावर, कित्येक आठवडे ठेवावं लागतं. त्यासाठी गाठीचा तुकडा पाठवताना डॉक्टरांनी संशय लिहून पाठवला पाहिजे. औषधं काही महिन्यांची असतात, पण बरं होतं. तोच असेल असं मी इथे बसून सांगत नाही. अशा ओळीने गाठी एका बुरशीनेही येतात. पण "वात" म्हणून तेल चोळू नका.

रापण | ५ डिसेंबर, सकाळी ९.२०

तेल चोळून झालंय दोन महिने. दाखवतो.

वायंगणी | ५ डिसेंबर, रात्री ८.४४

आमच्या आवशीच्या पायाक असोच घाव होतो, घोट्याच्या वर, आतल्या अंगाक. दोन वर्सां सुकाचो नाय. साखर नाय, काय नाय. पायार शिरो फुगलेलो. शेवटाक एका डॉक्टरान गोळये बंद केल्यान आणि पायाक आवळून पट्टो बांधूक लावल्यान. चार म्हयन्यांत घाव बुजलो. जंतू खंय गेले माका म्हायत नाय.

सिस्टर_४२ | ५ डिसेंबर, रात्री ९.३०

वायंगणी, तुमच्या आवशीचं उदाहरण सगळ्यांनी दोनदा वाचावं. फुगलेल्या शिरांमुळे पायात रक्त साचतं, पाणी झिरपतं, जंतूंची मेजवानी चालू राहते. पट्ट्याने पाणी उतरलं, जेवण संपलं. पण बाकीच्यांनी हे वाचून लगेच पट्टे आवळू नका! आधी पायात शुद्ध रक्त नीट पोचतंय का, हे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघावं लागतं. रक्त कमी असताना आवळलं तर पाय जाईल.

राजापूरचा_भाचा | १९ डिसेंबर, रात्री ११.००

अपडेट. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला नेलं एका सर्जनकडे. बाबा वाटेत दोनदा म्हणाले, उगाच पेट्रोल जाळतोयस.

दोरा लावला. दहा जागांपैकी सात जागी काही कळलं नाही. नाडी लागते, हे सुदैव. सळई हाडाला टेकली नाही, एक्स-रे स्वच्छ. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) १०.४ टक्के. मग डॉक्टरांनी भूल न देता, हो, भूल न देता, जखम खरवडली. पिवळा बुळबुळीत थर, कडेची जाड पांढरी कातडी, सगळं. खाली लाल मांस दिसलं आणि रक्त आलं. बाबा खिडकीतून रस्त्यावरची वाहतूक बघत होते. मला बाहेर जाऊन बसावं लागलं.

अँटिबायोटिक लिहिलंच नाही. मी विचारलं, तर म्हणाले लाली नाही, सूज नाही, ऊब नाही, मग कुणासाठी देऊ? दर आठवड्याला खरवडायला या, थर दोन-तीन दिवसांत पुन्हा जमायला लागतो म्हणून मधले दिवस आयोडीनची विशिष्ट पट्टी. आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. इन्शुलिन सुरू.

पाच महिन्यांत "चालू नका" हे कुणी सांगितलं नव्हतं. चार कोर्सची बिलं मात्र आहेत.

सिस्टर_४२ | २० डिसेंबर, सकाळी ६.४०

छान माणूस भेटला. आता दर रविवारी जखमेचा फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून. लांबी-रुंदी वहीत लिहा. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली तर वाट बरोबर आहे. नाही झाली तर डॉक्टरांना परत विचार करायला लावा.

पाय न टेकवणं हे औषधच समजा. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करून दाखवलं होतं की बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना नसल्याने त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब आणि इजा होऊन जातात. तोच न्याय मधुमेहाच्या पायाला.

उंटावरचा_शहाणा | २० डिसेंबर, सकाळी ८.१५

बाबांना बसवणार कसं? कोकणी म्हातारा आणि स्वस्थ बसणं!

राजापूरचा_भाचा | २० डिसेंबर, सकाळी ८.३०

आईने चपला कपाटात कुलूपबंद केल्या. तर अनवाणी गेले. म्हणून तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालणार आहेत, सगळ्या तळव्यावर दाब सारखा वाटला जाईल असं. काढता येत नाही हाच त्याचा मुख्य गुण, असं ते स्वतःच म्हणाले.

रापण | १४ जानेवारी, दुपारी १.००

वहिनीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. पेट्रीडिश भाऊ, तुम्ही म्हणालात तोच. गोळ्या सुरू झाल्यात. आता हातमोजे घालते, बाजारात बायका हसतात.

राजापूरचा_भाचा | १६ फेब्रुवारी, रात्री १०.१०

वहीतले आकडे. १९ डिसेंबर: ३.२ गुणिले २.५ सेंटिमीटर. १८ जानेवारी: १.९ गुणिले १.४. काल: डाळीच्या दाण्याएवढी. हिरवा डाग जानेवारीनंतर नाही. अँटिबायोटिक मध्ये एकदाच, दहा दिवस, कडेला लाली आली तेव्हा. तीच सरासरी साखर आता ७.८.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल, मग मऊ रबराची एमसीआर चप्पल घ्यायची आहे. मापाची कुठे करून मिळेल?

आणि खरा प्रश्न. शिमगा तोंडावर आलाय. बाबा विचारतायत, पालखी खांद्यावर घेतली तर चालेल का. मी नाही म्हटलं तर ऐकणार नाहीत, म्हणून "इंटरनेटवरच्या सिस्टरना विचार" असं त्यांनीच सुचवलंय.

सिस्टर_४२ | १६ फेब्रुवारी, रात्री १०.५५

एमसीआर चप्पल जिल्हा रुग्णालयाच्या कुष्ठरोग विभागात विचारा, त्यांना बनवणारे माहीत असतात.

बाबांना सांगा, नाही. नवीन कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते आणि पालखी नाचवताना सगळा भार चवड्यावरच येतो. पालखी तुमच्या घरी येते ना? अंगणात खुर्ची टाका, पाय स्टुलावर. ओटी तिथूनच भरा.

राजापूरचा_भाचा | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

वाचून दाखवलं. म्हणाले, "सिस्टर कुठल्या गावच्या?"